कोणाचा आक्षेप नसेल तर

६ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, मी नोकरी सोडलेली नाही आणि लग्नही ठरवलेलं नाही. फोन न करता मेलवर एवढं लांबलचक लिहितेय त्याला कारण तुमचं घर. तुमच्याकडे फोन म्हणजे लाउडस्पीकर. मी 'हॅलो' म्हटलं की आतून दादा ओरडतो, 'कोण गं?' बाकावर बसलेली शिकाऊ मंडळी माना वळवतात, आणि तू अख्ख्या ड्रायव्हिंग स्कूलला ऐकू जाईल असं सांगतेस, 'आमच्या वन्सं! परदेशातून!' अशा ठिकाणी माणसाने मनातलं बोलायचं तरी कसं?

तर बातमी. मी जिंकले! आमचं काम तुला माहीत आहे. या भल्यामोठ्या सभागृहात जगभरचे देश येऊन आपापल्या भाषेत बोलतात आणि आम्ही दुभाषे भिंतीतल्या काचेच्या खोल्यांत बसून ते जागच्या जागी दुसऱ्या भाषेत सांगतो. एका खोलीत दोघं, आळीपाळीने. थोडा वेळ सलग बोललं की डोक्याचा भुगा होतो. वेळ सहापर्यंतची. पण आजवर काय व्हायचं, सहा वाजले की अध्यक्ष काचेकडे बघून गोड हसणार आणि म्हणणार, 'आपल्या दुभाष्यांच्या कृपेने आणखी थोडी मिनिटं.' ती थोडी मिनिटं जेवणाची वेळ टळेपर्यंत चालायची. एकदा अशाच कृपेत माझ्या जोडीदाराने थकून 'मान्य आहे' च्या जागी 'मान्य नाही' म्हणून टाकलं आणि दोन देशांची चांगलीच जुंपली.

म्हणून दुभाष्यांची प्रतिनिधी या नात्याने मी वर्षभर भांडभांड भांडले आणि नियम करून घेतला. सहा वाजले की भाषांतर बंद, आणि भाषांतर बंद म्हणजे बैठक बंद. अपवाद एकच. प्रतिनिधीने काचेआडून हात वर केला तर पाव तास जादा. आणि प्रतिनिधी कोण? मी! मी हात वर करेन हे विसरा. इथे माझं नावच 'भोंगा' पडलंय, सहाला वाजतो तो.

आता लिहायचं खरं कारण. पुढच्या महिन्यात इथे शस्त्रांच्या करारांची बैठक आहे आणि त्यात आग लावणाऱ्या शस्त्रांचा विषय आहे. आपल्या भाषेच्या खोलीत मी आहे. दादाला सांगू नकोस. तो काही बोलणार नाही, पण दिवसभर काही बोलणार नाही, आणि तेच मला झेपत नाही.

तुझी,
भोंगाबाई


११ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

(हे मानाने नाही, चिडवायला. तू लहान आहेस आणि लहानच राहणार.)

अभिनंदन! कामाची वेळ ठरवून घेतलीस ते बेस केलंस. मलाही असा एक नियम हवाय. सहानंतर तुझ्या भावाने मला 'माझा चष्मा कुठे आहे' असं विचारायचं नाही. तो कपाळावर असतो, हेही सहानंतर सांगितलं जाणार नाही.

इकडे धंदा जोरात. सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. हात एवढा हलका की स्टिअरिंगला पत्ताच लागत नाही वळायचंय म्हणून. तुझा भाऊ शेजारी बसून शांतपणे सांगतो, 'डॉक्टर, ती गाडी आहे, तिला दुखत नाही.' डाव्या हाताची चिकटलेली बोटं मांडीवर, आणि त्याच्या बाजूला बसवून घेतलेल्या दुसऱ्या ब्रेकवर पाय. 'माझा पाय हाच माझा हात' हा विनोद तो प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो आणि मी प्रत्येक वेळी हसते. लग्न म्हणजे दुसरं काय असतं?

त्याला काही सांगितलेलं नाही. पण मला एक सांग. आग लावणाऱ्या शस्त्रांवर बंदी आहे असं मीसुद्धा ऐकून आहे. मग लढाईत आपल्या भाजीबाजारावर जे पडलं ते काय होतं? कुणी विचारलं तर तो 'धुराचा गोळा' म्हणतो, कारण तेव्हा सगळ्या साहेबलोकांनी तेच म्हटलं होतं. धुराने कुणाची बोटं चिकटतात का गं? तू एवढी शिकलीस, जरा सोपं करून सांग. मला रस्त्यावरचे नियम समजतात, त्या भाषेत सांग.

उशीर झाला तरी चालेल, पण सहाच्या आत लिही.

तुझी एकुलती एक,
वहिनी


५ नोव्हेंबर

वहिनी,

बैठक सुरू झाली. सभागृहात एवढी थंडी सोडतात की सगळे देश कोट घालून शांततेवर बोलतात. माझ्या पायात दोन मोजे आहेत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. हसू आलं तर हस. जे शस्त्र मुळात आग लावायला किंवा माणसं भाजायला बनवलंय, ते आग लावणारं शस्त्र. पण जे मुळात धूर करायला, उजेड पाडायला किंवा खूण दाखवायला बनवलंय आणि आग लागली ती ओघाने लागली, ते या नियमात बसतच नाही. तुमच्या बाजारावर फुटला तो पांढरा फॉस्फरस. हवा लागली की तो पेटतो, त्याचा दाट धूर होतो आणि धुराआड सैन्य लपतं. म्हणून तो धुराचा गोळा. दादा भाजला तो ओघाने भाजला.

आणखी ऐक. खरंखुरं आगीचं शस्त्र लोकवस्तीवर विमानातून टाकायला सक्त मनाई. तेच जमिनीवरून तोफेने मारलं तर नियम सैल, शक्य ती काळजी घ्या वगैरे. तुझ्या भाषेत सांगायचं तर मोटारीला सिग्नल आणि ट्रकला विनंती.

आता तुला वाटेल, यंदा इथे हा नियम बदलायचा की नाही यावर वाद असेल. छे! पुढच्या वर्षी या नियमाबद्दल बोलायला एक दिवस राखून ठेवायचा की नाही, यावर वाद आहे. बोलायचं की नाही याबद्दल दोन आठवडे बोलणार आहेत! आणि इथे मतदान नसतं. सगळ्यांना मान्य हवं. शेवटी अध्यक्षीणबाई म्हणतात, 'कोणाचा आक्षेप नसेल तर तसं ठरलं.' मग क्षणभर थांबतात आणि लाकडी हातोडी आपटतात. त्या क्षणात एकानेही आक्षेप घेतला की वर्षभराची खटपट पाण्यात. आजवर दर वर्षी कोणी ना कोणी घेतलाच आहे.

विरोध करणारे यंदाचे साहेब मात्र, काय सांगू, राग यावा असे नाहीतच. भाषणाची प्रत आदल्या दिवशी आमच्या खोलीत आणून देतात. सावकाश बोलतात, वाक्य अर्धवट सोडत नाहीत. दुभाष्याला आणखी काय हवं असतं? वर सगळ्या खोल्यांना पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा पाठवतात. त्यांचं नाव आम्ही पेपरमिंट साहेबच ठेवलंय. माझा जोडीदार ठसकेबुवा (मोठं भाषण आलं की याला ठसका लागतो आणि ते माझ्या गळ्यात पडतं) तर त्यांच्यावर फिदा आहे.

दादा कसा आहे? खरं सांग.

तुझी भोंगा


८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

म्हणजे भाजीवालीने टोपली टाकून पळण्याआधी मान वर करून बघायचं, विमान आहे की तोफ, आणि मग ठरवायचं की आपण नियमाच्या आत भाजतोय की बाहेर. धन्य आहे गं बाई तुमच्या सभागृहाची! हे सगळं डोक्याला टाय बांधून ठरवलं की काय?

पण एक दिवस बोलायलाही नको म्हणतात, याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या इमारतीत वरची पाण्याची टाकी धुवायची आहे. वरच्या मजल्यावरचे आजोबा दर सभेत उभे राहतात, 'माझा आक्षेप नोंदवा' म्हणतात आणि बसतात. का, ते सांगत नाहीत. आम्ही सगळे तेच पाणी पितो, तेसुद्धा पितात. तुमचे पेपरमिंट साहेब आणि आमचे आजोबा यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी. आजोबा गोळ्या तरी खातील.

दादा मजेत आहे. खरंच. उलट हल्ली जरा लवकरच गाडी काढतो. फोनवर काहीतरी लावून ठेवतो गाडीत, बातम्या असतील. काल दातांचे डॉक्टर वैतागून आत आले. मागे घेत होते म्हणे, तेवढ्यात त्या फोनमधून कुणी बाई खणखणीत आवाजात 'अध्यक्ष महोदया!' म्हणाली, आणि यांनी दचकून ब्रेक दाबला तो दाबलाच. मागचा स्कूटरवाला अजून बोलतोय.

तू ऊन ऊन काहीतरी पीत जा. आणि गोळ्या फार खाऊ नकोस, दात किडतील. आमच्याकडे डॉक्टर आहेत, पण ते सध्या ड्रायव्हिंग शिकतायत.

तुझी वहिनी


१२ नोव्हेंबर

वन्सं,

तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय, यावरून काय ते समजून घ्या.

तुमच्या त्या बैठका इंटरनेटवर दिसतात हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्यात आपल्या भाषेचं बटण असतं, हेही सांगितलं नाहीत. दादाने ते स्वतःच शोधून काढलं. गाडीत 'बातम्या' ऐकत होता ना, ती बातमी तुम्ही होतात. बैठक सुरू झाल्यापासून तो रोज तुमचा आवाज लावून लोकांना गाडी शिकवतोय.

आज दुपारी मी पाण्याची बाटली द्यायला गाडीपाशी गेले आणि माझ्या कानांनी ऐकलं. तुमच्याच आवाजात. 'माझ्या मते याला आगीचं शस्त्र म्हणणं हा विपर्यास आहे. हा धूर आहे. मला यात चर्चेसारखं काही दिसत नाही.' मला? तुम्हाला काही दिसत नाही? दादाने फोन बंद केला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि फडकं घेऊन गाडी पुसायला लागला. संध्याकाळपर्यंत तीच गाडी पुसत होता. शब्द नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही.

तुम्ही त्या वेळी तिकडे शिकत होतात, म्हणून एक गोष्ट तुम्हाला आम्ही कधी सांगितली नाही. आज सांगते. बाजारावर धुराचे ते पांढरे दोरे उतरले तेव्हा त्याने शिकाऊ मुलीला गाडीतून ओढून बाहेर काढलं आणि हाताला एक कण चिकटला. दवाखान्यात सगळ्यांना सांगितलेलं होतं की गोळे धुराचे आहेत. तिथला डॉक्टर भला माणूस. त्याने हात धुतला, बांधला. मग म्हणाला जखमेला वारा लागू दे, आणि पट्टी सोडली. आत हरभऱ्याएवढं काहीतरी उरलं होतं. वारा लागला आणि हात पुन्हा पेटला, वन्सं. पलंगावर, डॉक्टरच्या हातात. मी प्यायच्या पाण्याचा जग ओतला. त्याची बोटं बाजारात गेली नाहीत, ती तिथे गेली. डॉक्टर रडत म्हणाला, कुणी आग म्हणून सांगितलं असतं तर पट्टी ओली ठेवली असती.

म्हणून मला त्या शब्दाची चीड आहे. परवा तुमचा शेवटचा दिवस. बोलणारा तो, पण जीभ तुमची आहे. त्याचं एखादं वाक्य चुकवा. धूर म्हणेल तिथे आग म्हणा. कोणाला कळतंय?

तुमच्या दादाची बायको


१३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र आलं आणि मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि दुपारच्या कामाला बसले. पट्टीचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही दोघांनी ते पोटात ठेवलंत, याचा मला रागही आला आणि माझीच लाजही वाटली.

पण तू सांगतेस ते मी करणार नाही. ओरड माझ्यावर, 'तुम्ही' म्हण, 'आपण' म्हण, मी करणार नाही. आमच्या कामात बोलणारा 'मी' म्हणाला की आम्हीही 'मी' म्हणतो. 'ते साहेब म्हणतात की' असं म्हणायचं नसतं. सकाळी मी बंदी मागणारी बाई असते, दुपारी नको म्हणणारा साहेब, आणि जेवायच्या आधी एकदा एका बेटाची मंत्री होते. ऐकणाऱ्याचा माझ्यावर भरवसा असतो, की ही मध्ये स्वतःचं काही घालत नाही. मी आज दादासाठी एक शब्द वाकवला, तर उद्या दादाच्या बाजूने बोलणाऱ्याचा शब्द दुसऱ्या खोलीत कुणीतरी वाकवेल, आणि मला तोंड उघडायची सोय राहणार नाही. शब्द वाकवल्यानेच तर त्याची बोटं गेली, वहिनी. तोच धंदा मी करू?

चिडले. माफ कर. पण मागे घेत नाही.

मी आज मुख्यबाईंकडे गेले आणि सांगितलं, माझा भाऊ असा भाजलाय, मला या विषयावरून काढा. त्या म्हणाल्या, निम्मी माणसं सर्दीने घरी आहेत, तुझ्या जागी बसायला कोणी नाही. तुझ्याने होत नसेल तर तुमच्या भाषेची खोली बंद ठेवू. म्हणजे दादाला काहीच ऐकू येणार नाही. मी म्हटलं, होतंय.

उद्या काय होणार याचा मला थोडा अंदाज आहे, पण सांगता येत नाही. आमच्याकडे आधी आलेले कागद आम्ही कुणाला सांगत नाही, तुलाही नाही. एवढंच म्हणते की नियम करून घेताना माणसाने हजारदा विचार करावा.

त्याच्याशी बोल. माझ्या वतीने नको, तुझ्या वतीने बोल.

तुझी (अजून तुझीच ना?)
नणंद


१४ नोव्हेंबर, सकाळ

वन्सं,

राग अर्धा गेलाय. उरलेला अर्धा ठेवलाय, लागेल कधीतरी. 'तू' वर परत आलेय, पण फार लाडात येऊ नकोस.

तुझं म्हणणं दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, शहाणपणा करतेय. दुसऱ्यांदा तो शब्द वाकवल्याचा भाग आला आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले हे तुझ्या भावाच्याही लक्षात आलं, म्हणून त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, 'बरं वाटत नाही का तुला?'

आज त्याने सगळे धडे रद्द केलेत. डॉक्टर तरी आलेच. म्हणाले, 'गाडी नको, निकाल ऐकायचाय.' तेव्हा आम्ही तिघं ऑफिसात, फोन टेबलावर, लाउडस्पीकर चालू. तुला आवडत नाही, तरी चालू.

काय होईल ते होवो. फोनमधून तुझा आवाज येईल, आम्ही इथे बसलोय एवढं लक्षात ठेव.

वहिनी


१५ नोव्हेंबर

वहिनी, दादा, आणि डॉक्टर,

तुम्ही ऐकलंच आहे. पण आवाजात दिसत नाही ते सांगते.

पेपरमिंट साहेबांनी परवा जी प्रत आणून दिली ती उशीएवढी जाड होती. मी ती बघितली आणि पानं मोजली. एवढं सावकाश वाचायला लागले तर सहा नक्की वाजणार. सहा वाजले की माझ्या नियमाने भाषांतर बंद, बैठक बंद, विषय बारगळला. कोणाच्या नावावर आक्षेपसुद्धा लागणार नाही. त्यांच्या सरकारला तेच हवं होतं. जगासमोर 'आम्ही नको म्हटलं' असं होऊ द्यायचं नव्हतं. नको म्हणायचं काम घड्याळाने करायचं होतं, आणि त्या घड्याळाला किल्ली दिली होती मी. कळलं का आता, परवा मी नियमाबद्दल का कुरकुरत होते?

भाषण आलं तेव्हा ठसकेबुवांना ठसका लागलाच. माईक माझ्याकडे आला. मी वाचलं, त्यांच्याइतकंच सावकाश, त्यांच्याइतकंच नीट. एकही वाक्य गाळलं नाही, एकही घाईने उरकलं नाही. तोंड त्यांचं होतं, पण डोळे माझेच होते, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाला चिकटले होते. सहा वाजायला आले तेव्हा त्यांची अजून पानं उरली होती. अध्यक्षीणबाईंनी काचेकडे बघितलं. आणि त्या हसल्यासुद्धा नाहीत, कारण हसून काही होत नाही हे वर्षभरात मीच त्यांना शिकवलं होतं.

मी हात वर केला.

समोरच्या खोलीतली मंडळी तोंड उघडं टाकून बघत राहिली. भोंगा आणि हात वर! ठसकेबुवांचा ठसका थांबला. अध्यक्षीणबाईंनी दोनदा बघितलं, मी खाजवत तर नाही ना म्हणून. मग म्हणाल्या, 'दुभाष्यांचे आभार. साहेब, चालू द्या.'

साहेबांनी उरलेली पानं चाळली. पाव तास भरेल एवढी ती नव्हती, आणि लांबवायला दुसरं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी समारोप केला आणि आभार मानले. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि मी तुम्हाला म्हटलं, 'पुढच्या वर्षी या विषयाला एक दिवस राखून ठेवण्याचा प्रस्ताव आहे. कोणाचा आक्षेप नसेल तर तसं ठरलं.'

साहेबांच्या पुढ्यातला लाल दिवा लागला. त्यांनी बटण दाबलं होतं. मी माईक जवळ ओढला, कारण त्यांनी 'माझा आक्षेप आहे' म्हटलं असतं तर ते दादाला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं असतं, आणि मी ते म्हटलं असतं. खणखणीत म्हटलं असतं. ते माईककडे वाकले. थोडा वेळ तसेच राहिले. मग दिवा विझला. ते मागे टेकून बसले आणि कागद गोळा करायला लागले.

तुम्हाला तेव्हा काही ऐकू आलं नसेल. शांततेचं आम्ही भाषांतर करत नाही. त्यानंतर ठक्क झालं, ती हातोडी.

आज आमच्या दुभाष्यांच्या संघटनेच्या लोकांनी मला बोलावून विचारलं, नियम तू आणलास, मोडलास तूच, का? मी म्हटलं मोडला नाही, त्यात होता तेवढाच हात वर केला. पण का, ते खरं सांगितलं. माझा भाऊ. प्रतिनिधीपद बहुतेक जाईल. जाऊ दे. ठसकेबुवा बाहेर भेटले आणि भडकले, 'आधी नाही का सांगायचं? मी दोन्ही हात वर केले असते!'

पेपरमिंटचा डबा काल आला नाही. साहेब जाताना काचेसमोर थांबले, मान तुकवली आणि निघून गेले. त्यांना घरी काय ऐकावं लागेल, कोण जाणे. मला त्यांचं वाईट वाटलं. वाटू नये का?

एक दिवस मिळालाय फक्त. बोलायचा. त्यात काय निघेल माहीत नाही, कदाचित काहीच नाही. दादा, तू अजून माझ्याशी बोलला नाहीस. मी ज्याच्या त्याच्या वतीने 'मी' म्हणते, पण हे माझं स्वतःचं आहे. मला तो धूर कधीच वाटला नव्हता.

तुमची


१८ नोव्हेंबर

भोंगाबाई,

हे मी लिहितोय, दादा. उजव्या हाताने, एका बोटाने, त्यामुळे थोडक्यात. तुझी वहिनी बाहेर टाकीच्या सभेला गेलीय.

आधी तिचा गैरसमज काढतो, तू ही ओळ तिला पाठव. मी चिडलो नव्हतो. गाडी पुसत होतो कारण रडू येत होतं आणि विद्यार्थ्यांसमोर ते बरं दिसत नाही. गाडी घाणही झाली होती.

दोन आठवडे मी रोज ऐकलं. पहिल्या दिवशी तुझा आवाज आला आणि मी डॉक्टरना चुकीच्या गल्लीत घातलं. तुझा आवाज गाडीत वाजतोय, एवढ्यानेच मला बरं वाटत होतं. असल्या साहेबलोकांचं बोलणं मी आधीही वाचलं होतं, तेव्हा वाटायचं हे लोक राक्षस असणार. तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं ते काय म्हणतात. राक्षस नाहीत. चुकतायत. चुकणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायची मला सवय आहे, पोटापाण्याचा धंदाच आहे तो. ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बोलत राहायचं.

आता एक गुपित. तू म्हणतेस तू मध्ये स्वतःचं काही घालत नाहीस. लहानपणी साखरेच्या डब्यात बोटं घालून 'मी नाही खाल्ली' म्हणायचीस, तेव्हा आधी आवंढा गिळायचीस. आई फसायची, मी नाही. 'हा धूर आहे' असं तू जितक्यांदा म्हणालीस, तितक्यांदा त्याच्या आधी आवंढा गिळलास. जगात कुणाला कळलं नसेल. मला रोज कळत होतं. ती फडक्याची दुपार त्यामुळेच होती.

शेवटच्या शांततेत तू गिळला नाहीस. मी कान लावून होतो.

तो एक दिवस असतो त्यात बाहेरची माणसंही बोलू शकतात असं डॉक्टरनी शोधून काढलंय. मी येतो. आपल्या भाषेत बोलेन, मला दुसरी येत नाही. ते त्यांच्यापर्यंत तू पोचव. परवानगी लागत असेल तर काढ, नियम करून घेणं तुला जमतं. मी 'माझा हात पुन्हा पेटला' म्हणेन. तुलाही 'माझा हात' असंच म्हणावं लागेल.

तेव्हा आवंढा गिळायचा नाही.

दादा